लॉनला पाणी देणारा कंट्रोलर कसा लावावा?

प्रश्न : घरासमोर सुमारे ६०० चौरस फुटांचे लॉन असून त्याला स्प्रिंकलर आणि कंट्रोलर (ठरल्या वेळी पाणी आपोआप सुरू-बंद करणारे यंत्र) बसवून घेतला आहे. बसवणाऱ्याने सकाळी २० आणि संध्याकाळी २० मिनिटे अशी रोजची वेळ लावून दिली. पाणी फाटकाबाहेर वाहते, तरीही दुपारी गवत पिवळे दिसते. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येत असताना हे परवडत नाही. काय करावे?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्या लॉनला पाणी कमी पडत नसून ते एकदम दिले जात आहे. आपल्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते खरी, पण ते मुरवून घेते फार सावकाश. उलट स्थिर फवाऱ्याचे स्प्रिंकलर साधारणपणे तासाला ३० ते ४० मिलिमीटर या वेगाने पाणी टाकतात, त्यामुळे पहिल्या काही मिनिटांनंतरचे बरेचसे पाणी उताराने रस्त्यावर जाते. रोज वरवर भिजणाऱ्या गवताची मुळेही वरच राहतात आणि ऊन चढले की तेच आधी माना टाकते.

प्रथम मोजमाप करावे. सरळ कडांचे पाच-सहा सारखे डबे लॉनवर ठेवून १० मिनिटे पाणी सोडावे व पट्टीने खोली मोजावी. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आपले लॉन सुमारे ५६ चौरस मीटरचे आहे. वर दिलेला वेग धरला तर या हिशेबाने सध्या रोजच्या ४० मिनिटांत हजार लिटरांहून अधिक पाणी खर्च होत असावे.

त्यानंतर संध्याकाळची वेळ रद्द करून (रात्रभर ओल्या राहणाऱ्या गवताला बुरशी लवकर धरते) एक दिवसाआड पहाटे ४, ४.४० आणि ५.२० अशा तीन ‘स्टार्ट टाइम’ लावाव्यात व प्रत्येक फेरी ५ मिनिटांची ठेवावी. म्हणजे दोन दिवसांत ८० ऐवजी १५ मिनिटे पाणी चालेल आणि मधल्या वेळात ते मुरेल. बहुतेक कंट्रोलरमध्ये एक ‘स्टार्ट टाइम’ म्हणजे त्या प्रोग्रॅममधील (लावून ठेवलेल्या वेळापत्रकातील) सर्व झोनची, म्हणजे एकत्र चालणाऱ्या स्प्रिंकलरच्या सर्व गटांची, एक पूर्ण फेरी असते. हे न कळल्याने प्रत्येक झोनसाठी वेगळी वेळ लावली जाते आणि सारे लॉन नकळत दोन-तीनदा भिजते. आपल्या यंत्रात तसे झालेले नाही ना, हे आधी पाहावे.

हिवाळ्यात मिनिटांना हात न लावता ‘सीझनल अ‍ॅडजस्ट’ (सर्व वेळा एकदम टक्क्यांनी कमी-जास्त करणारी सोय) ५० ते ६० टक्क्यांवर आणावे. सोलापुरात पावसाचा जोर सप्टेंबरात असतो, तेव्हा पाऊस आला की पाणी थांबवणारा रेन सेन्सर उपयोगी पडतो. तो नसेल तर कंट्रोलर सरळ बंद ठेवावा. वीज गेल्यावर घड्याळ चुकू नये म्हणून आतला सेल वर्षातून एकदा बदलावा.

पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी मातीत लांब पेचकस खुपसून पाहावा. तो चार-पाच इंच सहज गेला तर वेळा बरोबर आहेत. दोन इंचांवरच अडला तर चौथी फेरी वाढवावी, पण पाणी रोज देऊ नये.