अलिबागहून मुरुडला जाताना रेवदंडा-साळाव पुलापाशी थांबण्यासारखं काही आहे का, की सरळ जंजिरा गाठावा?

थांबाच. जंजिऱ्यावर तासभर कमी फिरलात तरी चालेल, पण ही खाडी नुसती गाडीच्या काचेतून बघून पुढे जाऊ नका.

पूल दिसायला अगदीच सरकारी. मोलाची आहे ती त्याची जागा. रेवदंड्याकडून साळावला निघालं की उजव्या हाताला कुंडलिका नदी समुद्राला मिळताना दिसते आणि तिच्या मुखाशी कोर्लईचा डोंगर आडवा पडलेला. मागे नारळीच्या वाड्यांत रेवदंड्याचा कोट. चौल बंदरात शिरायचं तर या दोघांच्या मधूनच यावं लागे. म्हणून तर निजामशाहीने कोर्लईवर किल्ला बांधायला घेतला आणि १५९४ साली पोर्तुगीजांनी तो हिसकावला. 

मला मात्र इथली १५०८ ची लढाई जास्त आवडते. इजिप्तच्या मामलुक सुलतानांचं आरमार आणि गुजरातचा सरदार मलिक अयाझ यांनी पोर्तुगीजांना याच खाडीत गाठलं. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सु द आल्मेदा याचं जहाज निसटताना मासेमारीसाठी रोवलेल्या खुंटांत अडकलं आणि तो तिथेच मारला गेला. जीव घेतला तोफगोळ्यांनी, पण खरा घात केला जाळ्यांच्या खुंटांनी! बापाने पुढच्याच वर्षी दीवला सूड उगवला.

पुलावर गाडी उभी करू नका, रस्ता अडतो. आधी रेवदंड्याच्या कोटात फिरा. तिथला फ्रान्सिस्कन मठाचा उंच मनोरा लोक सातखणी म्हणून दाखवतात. सातही मजले आता उरलेले नाहीत. मग पूल ओलांडून कोर्लई. कोळीवाड्यातून दीपगृहापर्यंत जा, तिथून पायऱ्यांनी वर. गड इतका चिंचोळा की एका तटावरून खाडी आणि समोरच्या तटावरून समुद्र दिसतो. आत छप्पर उडालेलं चर्च आहे. खाली गावातली ख्रिस्ती मंडळी आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली घरात बोलतात. बोलून दाखवा म्हणून त्यांच्या मागे लागू नका, एवढीच विनंती.

दोन्ही मिळून अर्धा दिवस लागतो. वेळ नसेल तर रेवदंडा सोडा, कोर्लई करा. पावसाळ्यात येत असाल तर जंजिऱ्याच्या होड्या बंदच असतात, मग कोर्लईच करा. फक्त कोर्लईच्या पायऱ्यांवर तेव्हा शेवाळ असतं, जपून चढा.