हर्णैचा किल्ला लंडनच्या टेकडीवर: कमोडोर जेम्सबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या वेळी मराठ्यांचं आरमार सांभाळणाऱ्या आंग्र्यांच्या गुराबांवर, म्हणजे लढाऊ जहाजांवर लिहिलं त्यात कमोडोर विल्यम जेम्सचं नाव ओझरतं आलं होतं, १७५५ साली आंग्र्यांकडून हर्णैचा सुवर्णदुर्ग घेणारा इंग्रज म्हणून, आणि बघतो तर प्रश्न सगळे त्याच्यावरच. जमतील तेवढे घेतो.

प्रश्न: जेम्स ब्रिटिश नेव्हीचा ऑफिसर होता ना? मग मुंबईत काय करत होता?

उत्तर: नाही, इंग्लंडच्या राजाचं आरमार वेगळं आणि ईस्ट इंडिया कंपनीचं वेगळं. जेम्स कंपनीच्या बॉम्बे मरीनमधला. मूळचा वेल्सच्या पेम्ब्रोकशायरचा, १७४७ मध्ये कंपनीच्या नोकरीत आला आणि १७५१ मध्ये बॉम्बे मरीनचा मुख्य झाला. काम म्हणजे किनाऱ्यानं जाणाऱ्या व्यापारी जहाजांच्या ताफ्याला सोबत करायची आणि वाटेत आंग्र्यांची गलबतं आडवी आली तर त्यांना पिटाळायचं. कंपनीच्या कागदांत याला चाच्यांचा बंदोबस्त म्हणतात.

प्रश्न: आंग्रे खरंच चाचे होते का? इंग्रजी पुस्तकांत सरळ पायरेट लिहिलेलं असतं, वाचून फार राग येतो.

उत्तर: राग मलाही येतो, पण नुसत्या रागानं उत्तर मिळत नाही. भांडण होतं दस्तकाचं. या पाण्यातून जायचं तर परवाना घ्या आणि त्याचे पैसे भरा, हा नियम पोर्तुगीजांनी दोनशे वर्षं आधी कार्ताझ नावानं इथे सुरू केला होता, कंपनीही स्वतःचे परवाने देत होती. कान्होजी आंग्र्यांनी तेच केलं, तेही सरखेल म्हणजे आरमारप्रमुख म्हणून, ज्या पदावर शाहू महाराजांनी १७१३ मध्ये त्यांना कायम केलं होतं. कंपनीचं म्हणणं असं की आमचा परवाना कायदेशीर आणि तुमचा म्हणजे लूट. हे मला आजवर कधी पटलं नाही आणि कान्होजींना चाचा म्हणणाऱ्या कुठल्याही पुस्तकाशी मी भांडायला तयार आहे.

त्यांचे चिरंजीव तुळाजी, ज्यांच्याकडून सुवर्णदुर्ग गेला, त्यांचं मात्र थोडं वेगळं आहे. दर्यावर्दी म्हणून माणूस जबरदस्त, १७४९ मध्ये कंपनीचं रिस्टोरेशन नावाचं लढाऊ जहाज त्यांनी पकडून नेलं आणि स्वतःच्या ताफ्यात घातलं. पण भाऊ मानाजींशी वैर, वाडीच्या सावंतांशी भांडण, बावड्याच्या अमात्यांशी भांडण, आणि पेशव्यांना तर ते जुमानतच नव्हते. मराठी राज्याचा सरखेल मराठी राज्याचंच ऐकेना म्हटल्यावर त्यांच्या बाजूने बोलायला पुण्यात कुणी उरलं नाही. तरीही त्यांना चाचा म्हणणार नाही, बंडखोर सरदार म्हणेन.

प्रश्न: सुवर्णदुर्ग इतका मजबूत असून दोन-तीन दिवसांत पडला कसा? फितुरी झाली का?

उत्तर: फितुरीचा थोडा भाग आहे, सांगतो. मार्च १७५५ मध्ये पेशव्यांचा आणि कंपनीचा करार झाला, जमिनीवर पेशव्यांचा सरदार रामाजी महादेव आणि समुद्रावर जेम्स. २२ मार्चला तो मुंबईहून निघाला, त्याचं प्रोटेक्टर ४४ तोफांचं, स्वॅलो १६ तोफांचं, शिवाय व्हायपर आणि ट्रायम्फ ही उखळी तोफांची दोन जहाजं. आंग्र्यांचा ताफा सुवर्णदुर्गाच्या आसऱ्याला होता, तो दक्षिणेला सटकला. जेम्स दिवसभर पाठीमागे, आणि वारा इतका पडलेला की आंग्र्यांच्या माणसांनी जड सामान समुद्रात फेकलं आणि अंगावरचे कपडे, डोक्यावरची पागोटी सोडून शिडांसारखी वाऱ्यावर धरली. हे वाचताना माझ्या डोळ्यासमोर ते खलाशी येतात, आपल्याच किनाऱ्यावरची कोळी-भंडाऱ्यांची पोरं असणार ती. ताफा निसटला. जेम्सची बाकीची जहाजं फार मागे राहिली होती, म्हणून तो जयगडच्या बाजूनं परत फिरला.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. गुराब म्हणजे कमी खोल पाण्यात चालणारं, पुढे निमुळतं जहाज, तोफा मुख्यतः नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला. दोरीनं तिला ओढायला वल्ह्यांची गलबतं. शत्रूच्या मागून जायचं, म्हणजे त्याच्या बाजूच्या तोफा आपल्यावर फिरत नाहीत, आणि डोलकाठ्या-शिडं फोडून त्याला लंगडा करायचा, मग गलबतांतून माणसं चढवायची. एकट्या व्यापारी जहाजाला हे फार भारी पडायचं. पण ४४ तोफांचं जहाज किल्ल्यासमोर नांगर टाकून उभं राहिलं तर गुराबीचं हे तंत्र काही कामाचं नाही, आणि ताफा तर आधीच निघून गेलेला.

मुंबईच्या गव्हर्नरचा हुकूम होता की किल्ल्यावर हल्ला करायचा नाही, फक्त बंदर अडवायचं. जेम्सने तो मोडला. जमिनीवरून आपल्या लोकांची जी तोफ चालू होती ती चार पौंडी गोळ्याची, एकच, तीही लांबून, तिनं काय होणार. २ एप्रिलला त्याने समुद्राकडून मारा सुरू केला, दिवसात आठशेच्या आसपास गोळे टाकले आणि तट ढिम्म हलला नाही, कारण त्या बाजूला निम्मा तट म्हणजे सलग खडकच आहे. रात्री किल्ल्यातून एक माणूस पळून त्याच्याकडे आला. हीच ती फितुरी, त्याने सांगितलं की या बाजूनं जन्मात भगदाड पडणार नाही. मग जेम्सने जो निर्णय घेतला तो खलाशी म्हणून मला खरंच मोठा वाटतो. किल्ला आणि किनारा यांच्यामधल्या चिंचोळ्या पाण्यात तो दुसऱ्या दिवशी शिरला, तटापासून शंभर यार्डांवर, तळाखाली जेमतेम फूटभर जास्तीचं पाणी. एका बाजूनं मुख्य किल्ल्यावर आणि दुसऱ्या बाजूनं किनाऱ्यावरच्या छोट्या किल्ल्यांवर एकाच वेळी तोफा, वर डोलकाठ्यांवर बंदूकवाले. तिथे जहाज रुतलं असतं तर जेम्स आणि त्याची माणसं संपली होती.

दुपारी एक गोळा आत गवताच्या छपरावर पडला, आग लागली, ती दारूकोठारापर्यंत गेली आणि स्फोट झाला. आतली हजारेक माणसं, बायकापोरांसकट, होड्यांत बसून बाहेर पडली आणि पकडली गेली. तरी किल्लेदार किनाऱ्यावरच्या गोवा किल्ल्यातून रात्री पुन्हा सुवर्णदुर्गात जाऊन उभा राहिला होता. शेवटी जेम्सचे खलाशी उतरले आणि चोरदरवाजा कुऱ्हाडींनी फोडून आत गेले.

प्रश्न: मी लंडनला ईलथमजवळ राहते. इथे जंगलात सेवर्नड्रूग कॅसल नावाचा मनोरा आहे, नाव ऐकून हसू आलं होतं, पण हे आपलं सुवर्णदुर्ग का?

उत्तर: हो ताई, तेच! इंग्रजी जिभेवर सुवर्णदुर्गचं सेवर्नड्रूग झालं. जेम्स श्रीमंत होऊन परत गेला, ईलथमला मोठी इस्टेट घेतली, पार्लमेंटचा सभासद, कंपनीचा चेअरमन, १७७८ मध्ये बॅरोनेट असं सगळं झालं, १७८३ च्या डिसेंबरमध्ये वारला. पुढच्या वर्षी त्याच्या बायकोने शूटर्स हिलवर हा तीन कोनांचा मनोरा बांधला, उंची ६३ फूट, आर्किटेक्ट रिचर्ड जप. दगडावर २ एप्रिल १७५५ ही तारीख आहे. २०१४ पासून तो परत लोकांसाठी उघडा आहे, तेव्हा मुलांना घेऊन जा आणि हर्णैची गोष्ट तिथेच उभं राहून सांगा.

प्रश्न: पेशव्यांनीच मराठ्यांचं आरमार बुडवलं, हे खरं का?

उत्तर: अर्धं. सुवर्णदुर्ग त्याच एप्रिलमध्ये करारानं पेशव्यांना मिळाला, इंग्रजांना बाणकोट. डिसेंबरात जेम्स तुळाजींच्या मुख्य ठाण्याजवळ, विजयदुर्गाजवळ जाऊन पाण्याची खोली मोजून आला आणि म्हणाला, जहाजं तटाजवळ नेता येतील. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन (हा मात्र राजाच्या नेव्हीचा) आणि क्लाइव्ह तिथे पोचले. तुळाजी तेव्हा पेशव्यांच्या छावणीत तह बोलायला गेले होते. एक गोळा त्या रिस्टोरेशनवरच पडला आणि एकमेकांना बांधून ठेवलेला पूर्ण ताफा जळाला. आतला दहाएक लाखांचा ऐवज इंग्रजांनी आपसात वाटून घेतला, आपल्याला काही नाही, आणि किल्ला ताब्यात यायला ऑक्टोबर उजाडला.

नानासाहेब पेशव्यांना तुळाजी मोडायचे होते हे मी समजू शकतो, पण परक्या आरमाराला हाताशी धरून मोडले ही चूक मला अक्षम्य वाटते. तरी आरमार तिथेच संपलं असं म्हणू नका, पुढे विजयदुर्गावर आनंदराव धुळपांनी ते परत उभं केलं आणि १७८३ मध्ये बॉम्बे मरीनचं रेंजर नावाचं जहाज पकडून आणलं.

प्रश्न: सुवर्णदुर्गला गेलो तर काय बघू?

उत्तर: पावसाळा सोडून जा, हर्णैहून होडी मिळते. महादरवाज्याजवळ भिंतीवरचा मारुती आणि पायरीवरचं कासव सगळे बघतातच, पण त्याआधी किनाऱ्यावरच्या कनकदुर्ग किल्ल्यावर दीपगृहापाशी उभे राहा, ओहोटीच्या वेळी, आणि किल्ला नि किनारा यांच्यामधलं पाणी नीट बघा. बरोबरच्या तांडेलाला विचारा की या पट्ट्यात मोठी बोट कुठवर नेशील, तो हातानं दाखवेल कुठे खडक आहे आणि कुठे नाही.