नव्या जिममध्ये मुलीला पुन्हा हँडस्टँडपासून सुरुवात करायला लावलंय. क्लास बदलावा का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी ११ वर्षांची आहे, पुण्यात तीन वर्षं जिमनॅस्टिक्स शिकली, फ्लिक (मागे झेप घेऊन हातांवरून उलटी) मारायची, बीमवर म्हणजे उंच अरुंद पट्टीवर कार्टव्हील करायची. बदली होऊन तुम्ही कोल्हापूरला आलात, आणि इथले सर दोन महिने तिला भिंतीला हँडस्टँड, जमिनीवर होलो होल्ड (पाठीवर पडून, हातपाय उचलून, पोट घट्ट धरणं) आणि स्प्रिंगबोर्डवरून साध्या उड्या एवढंच देताहेत. पोरगी घरी येऊन रडते, ‘मी मागे गेले’ म्हणते.

आत्ताच क्लास बदलू नका. मी कोल्हापुरातच वाढले, शाळेत असताना जिमनॅस्टिक्स केलं आणि आता लहान मुलांना शिकवते. तुम्ही जे सांगितलंय त्यात मला काळजीपेक्षा दिलासाच जास्त वाटला.

फ्लिक ‘येतो’ म्हणजे काय, हे आधी बघा. मुलगी मागे झेप घेते, हातांवर येते, पायांवर उतरते, एवढं आईवडिलांना दिसतं. शिकवणारा बघतो ते हात टेकल्यावरचं: कोपर वाकलं का, खांदे पूर्ण उघडले का, कंबर कुठे मोडली. तेवढ्या क्षणापुरती ती हँडस्टँडमध्येच असते. व्हॉल्टमध्ये, म्हणजे धावत येऊन टेबलावरून मारायच्या उडीत, टेबलावर हात आपटून वर जाताना तेच, अनइव्हन बारवर (कमी-जास्त उंचीच्या दोन दांड्यांवर) झोका वर पोचतो तेव्हाही तेच. भिंतीपाशी शांतपणे जो आकार धरता येत नाही, तो धावत येऊन डोळ्याची पापणी लवायच्या आत कुठून सापडणार?

माझ्याकडे सांगलीहून अशीच एक मुलगी आली होती. फ्लिक भन्नाट वेगात मारायची, पालक खूश. तिला दोन्ही हात कानांना लावून भिंतीला पाठ टेकून उभं केलं, तर कंबरेत एवढी पोकळी की माझी मूठ आत जाईल. खांदे आखडलेले होते, म्हणून मागे वाकण्याचा सगळा भार कंबरेच्या खालच्या मणक्यांवर जात होता. वाढत्या वयात असं शेकडो वेळा झालं तर तिथल्या हाडाला बारीक चीर पडू शकते. तिचा फ्लिक मी थांबवला. तीही चिडली, आई तर जास्तच चिडली. पण खांदे मोकळे झाले, पोट घट्ट धरायला आलं, आणि मग फ्लिक परत दिला तेव्हा तो तिला सोपा वाटला. आधी ती नुसत्या धाडसावर मारत होती.

तुमच्या मुलीचं वयही लक्षात घ्या. याच सुमाराला मुलींची उंची भराभर वाढायला लागते. हातपाय लांबतात, त्या मानाने ताकद मागे राहते, आणि नवव्या वर्षी सहज जमलेली गोष्ट अचानक जड वाटते. मनगटाच्या आणि टाचेच्या हाडांची वाढीची टोकं अजून कच्ची असतात, आपटण्याचा मार त्यांना सोसत नाही. या काळात आपटणं कमी करून ताकद आणि आकारावर भर देणारा शिक्षक मला तरी शहाणा वाटतो. बीम १० सेंटिमीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच असतो; वाढत्या अंगाचा तोल बदलत असताना तिथे घाई कशाला?

गुणांचंही असंच असतं. अवघडपणाचे गुण वेगळे आणि करण्यातल्या सफाईचे वेगळे. सफाईचे १० पासून मोजायला घेतात आणि वाकलेला गुडघा, सुटलेले पाय, उतरताना टाकलेलं पाऊल यासाठी ०.१, ०.३, ०.५ असे कापत जातात. पडलं तर पूर्ण १ गुण जातो. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये आपली दीपा कर्माकर व्हॉल्टच्या अंतिम फेरीत चौथी आली. तिचे गुण १५.०६६, कांस्यपदक मिळालेल्या स्विस मुलीचे १५.२१६. प्रोडुनोव्हा ही हवेत पुढे दोन कोलांट्या घेण्याची, जगातल्या सगळ्यात अवघड व्हॉल्टपैकी एक मारूनही पदक ०.१५० गुणांनी हुकलं. आणि हीच दीपा लहानपणी सपाट तळवे घेऊन जिममध्ये आली होती; त्या तळव्यांवर तिला आणि तिच्या सरांना आधी खूप मेहनत घ्यावी लागली होती.

कोल्हापुरात राहताय तर मुलीला एकदा गंगावेश किंवा मोतीबाग तालमीकडे घेऊन जा. गावच्या जत्रेत कुस्त्या मारून आलेला पोरगा तालमीत दाखल झाला की वस्ताद त्याला लगेच मोठ्या जोडीला लावत नाहीत. आधी जोर, बैठका, हौद्यातली माती उकरणं. आपण कच्चे म्हणून हे करायला लावलं, असं तिथं कुणाला वाटत नाही.

आता मुलीच्या रडण्याबद्दल, कारण खरं दुखणं तिथं आहे. पुण्यात ती क्लासमधली हुशार मुलगी होती, लहान मुली तिला ताई म्हणत असतील. इथं तिचा फ्लिक कुणी पाहिलेलाही नाही. हे दुःख छोटं नाही, आणि ‘सर सांगतात तेच बरोबर’ असं म्हणून ते जात नाही. तिला रडू द्या. ‘आज नवीन काय शिकलीस?’ हा प्रश्न काही दिवस बंद ठेवा. त्याला तिच्याकडे उत्तर नाही आणि दर वेळी ती खजील होते. त्याऐवजी सरांनी आज काय दुरुस्त केलं ते विचारा. सरांची परवानगी घेऊन तिच्या हँडस्टँडचा बाजूने एक व्हिडिओ काढा, महिन्याने पुन्हा काढा. मनगट, खांदा, कंबर, घोटा एका रेषेत यायला लागलेले तिला स्वतःला दिसतील. माझ्या मुलींवर याचा जितका परिणाम होतो तितका माझ्या बोलण्याचाही होत नाही.

सरांशीही बोला, पण क्लास सुटल्यावर आणि मुलगी समोर नसताना. विचारा: तिच्यात नेमकं काय कमी दिसतंय, आणि काय जमलं की फ्लिक परत द्याल? चांगला शिक्षक खांदे, पोट, मनगट असं बोट ठेवून सांगेल. ‘आमच्याकडे असंच असतं’ एवढंच उत्तर आलं तर मात्र मी सावध होईन. आणि काही गोष्टी दिसल्या तर वाट न बघता बाहेर पडा: स्प्लिट किंवा ब्रिज करताना रडणाऱ्या मुलीला वरून दाबणं, दुखतंय म्हटल्यावर नाटकं म्हणणं, वजनावरून सगळ्यांसमोर बोलणं, पालकांना कधीच आत बसू न देणं. मनगट, टाच किंवा कंबर दोन-तीन दिवसांत शांत झाली नाही तर थेट हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, घरी मालिश करत बसू नका.

शालेय स्पर्धांचं तुम्ही शेवटी विचारलंय. यंदा उतरवायचं की नाही ते सरांवर सोडा. १४ वर्षांखालच्या गटात तिच्या हातात अजून पुढची वर्षं आहेत, आणि त्यानंतर १७ चा गट आहेच.