नातवाचं पहिलं पाऊल हुकू नये म्हणून मंडळीतली सेवा सोडावी का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नातू तेरा महिन्यांचा, धरून उभा राहतो पण हात सोडत नाही. तुमच्या अंगावर मंडळीच्या घरभेटी, महिला मंडळाची प्रार्थनासभा आणि संडे स्कूल. आणि मनात धास्ती, की नेमकं मी चर्चमध्ये असतानाच हा चालला तर? म्हणून विचारताय, सेवा सोडू का, आणि सोडायची तर पाळकसाहेबांना कसं सांगू.

सोडू नका. हवी तर कमी करा. पण पहिलं पाऊल बघायला मिळावं म्हणून कमी करत असाल तर तेवढ्यासाठी नको. ते पाऊल तुमचं नाहीच. कडक वाटेल, पण मी हे शिकले तेव्हा मला कुणी इतक्या सौम्यपणे सांगितलं नव्हतं.

माझी थोरली नात साडेदहा महिन्यांची होती. मुलगा-सून दोघं कामावर, त्यामुळे सोमवार ते गुरुवार दुपारपर्यंत ती माझ्याकडे. तेव्हा मी महिला मंडळाची चिटणीस होते, शिवाय आजारी आणि घरात अडकून पडलेल्या नऊ जणांच्या भेटी माझ्याकडे. एका मंगळवारी मी पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होते. ही खुर्चीला धरून उभी. माझी चष्म्याची डबी पलंगाच्या कडेला होती, तिच्यावर हिचा कधीचा डोळा. खुर्ची सोडली आणि तीन पावलं टाकली. तीनच. मग बसली धप्पकन. डबी काही मिळाली नाही, म्हणून रडली.

मी तिला उचललं आणि त्याच क्षणी ठरवलं की हे कुणाला सांगायचं नाही. तिच्या आईने स्वतःच्या डोळ्यांनी बघावं आणि तेच पहिलं ठरावं. पाळणाघरात मुलं सांभाळणाऱ्या बायका असंच करतात, हे मी ऐकून होते. "आज उद्या चालेल हं" एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. संध्याकाळी सून आली, नेहमीसारखी दमलेली. "आज काय काय केलं हिने?" मी म्हटलं, "नेहमीचंच." इथवर मी शहाणी होते. पुढे नाही.

गुरुवारी महिला मंडळ. सुरुवातीला प्रार्थनेचे विषय, मग स्तुतीचे. माझ्या आधीच्या बाईंनी त्यांच्या नातवाचं सांगितलं. नववा महिना आणि दोन शब्द बोलतो म्हणे. (नवव्या महिन्यातलं 'बाबा' म्हणजे बहुतेक वेळा नुसते ओठ आपटणं असतं, पण ते मी तिथे बोलले नाही.) माझी पाळी आली आणि तोंड उघडलंच. प्रभूची स्तुती असो, माझी नात साडेदहा महिन्यांत चालायला लागली. किती पावलं? सात. हो, मंडळात पोचेपर्यंत तिनाची सात झाली होती. सगळ्यांनी मनापासून आभार मानले. मला जे बरं वाटलं, ते नऊ घरभेटी करून कधी वाटलं नव्हतं.

शुक्रवारी मुलगी आईसमोर चालली. सुनेने मला हाक मारली, "आई, लवकर या, लवकर!" मी धावत गेले, तोंडावर हात ठेवला आणि "अगं बाई!" असं म्हटलं. ते नाटक मला आजही जसंच्या तसं दिसतं. सून खरंच रडत होती हो.

रविवारी उपासना सुटल्यावर दारात एका बाईंनी सुनेचा हात धरला. "अभिनंदन! गुरुवारीच कळलं आम्हाला. मंगळवारपासून चालतेय म्हणे." सून हसली. म्हणाली, "हो ना." तेवढंच. घरी येईपर्यंत काही बोलली नाही. आल्यावर मुलीचे बूट काढता काढता, वर न बघता विचारलं, "आई, मंगळवारी?"

मला तिने रागावलेलं चाललं असतं.

आता यात आमच्या ह्यांना आणावंच लागेल, कारण खरं भांडण तिथलं आहे आणि ते अडतीस वर्षांचं आहे. आमचा मुलगा पहिल्यांदा चालला तेव्हा हे चर्चच्या कमिटीत होते. छपराला गळती होती, तिच्या दुरुस्तीची बैठक. रात्री दहाला आले. मी सांगितलं तर म्हणाले, "उद्या बघतो." दुसऱ्या दिवशी अर्पणाचा हिशोब होता. त्या काळात मला एकच उत्तर मिळायचं, बायबलमधलं लूक १४:२६. आईबाप, बायकापोरं यांच्यापेक्षा प्रभू जास्त प्रिय असला पाहिजे. शास्त्र पाठ असलेल्या माणसाशी भांडणं कठीण असतं, म्हणून मीही पाठ केलं. माझी पहिली ओवी १ तीमथ्य ५:८, की जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे, तो अविश्वासणाऱ्यापेक्षा वाईट. आणि दुसरी मार्क ७. आईबापांना जे द्यायचं ते 'देवाला अर्पण केलं' असं म्हणून हात झटकणाऱ्यांना येशूने कसं झापलं, ते. हे सगळं मी ह्यांना वर्षानुवर्षं ऐकवलं. वर हेही ऐकवायची, की छप्पर पुढच्या पावसात पुन्हा गळलं, मुलगा मात्र पुन्हा पहिल्यांदा चालला नाही.

तर त्या रविवारी हे खोलीत चष्मा पुसत बसले होते. सुनेने विचारलं तेव्हा एक शब्द बोलले नाहीत. रात्री दिवा मालवल्यावर म्हणाले, "मी निदान गावभर सांगितलं तरी नव्हतं."

अडतीस वर्षांत पहिल्यांदा मला उत्तर सुचलं नाही. (नंतर सुचलं. तुम्ही सांगायला घरी होतातच कुठे? तेही ऐकवलं. पण ते दुसऱ्या दिवशी, आणि दुसऱ्या दिवशीच्या उत्तराला धार नसते.)

मी स्वतःचं समर्थन करायला रूथचं पुस्तक काढलं. चौथ्या अध्यायात रूथच्या पोटी ओबेद जन्मतो, तिची सासू नामी त्याला उराशी धरते, त्याची दाई होते आणि शेजारणी म्हणतात की नामीला मुलगा झाला. मला ते फार आवडायचं, आजीचा केवढा मान! त्या रात्री वाचताना वेगळंच दिसलं. त्या अख्ख्या अध्यायात रूथ एक शब्द बोलत नाही. बाळ तिचं, नाव ठेवणाऱ्या शेजारणी, कौतुक सासूचं. नामीवर माझा राग नाही, तिने खूप सोसलं होतं. पण मी काही नामी नाही. माझी सून दहा तास कामावर उभी राहून घरी येते, ते बोअजाच्या शेतात धान्य वेचणाऱ्या रूथहून फार वेगळं नाही.

नव्या करारात 'आजी' हा शब्द ज्या एकाच ठिकाणी येतो तिथेही बघा, २ तीमथ्य १:५. तीमथ्याची आजी लोईस. तिच्याबद्दल एवढंच लिहिलंय की तिच्या ठायी निष्कपट विश्वास होता, आणि लगेच त्याची आई युनीके. तीमथ्य कितव्या महिन्यात चालला, याची नोंद लोईसने कुठे ठेवलेली नाही.

आता तुमच्या नातवाच्या चालण्याचं. माझी नात साडेदहाव्या महिन्यात चालली याचा मी केवढा डंका पिटला. त्यात माझं कर्तृत्व शून्य होतं, आणि पुढे तिच्या हुशारीशीही त्याचा काही संबंध निघाला नाही. मुलाने नंतर मला जागतिक आरोग्य संघटनेचा अभ्यास दाखवला, २००६ साली प्रसिद्ध झालेला. घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा पाच देशांतली ८१६ निरोगी मुलं. आधाराशिवाय चालायला लागण्याचा पल्ला ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत. म्हणजे लवकरात लवकर आणि उशिरात उशिरा चालणाऱ्यात नऊ महिन्यांचं अंतर, आणि दोन्ही मुलं धडधाकट. तेरा महिने तर ऐन मधले. रांगण्याचंही तेच. त्यातली ४.३ टक्के मुलं हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, २०२२ मध्ये मुलांच्या वाढीच्या टप्प्यांची यादी सुधारली, तेव्हा तिच्यातून रांगणं काढूनच टाकलं. आमचा धाकटा नातू बसल्या बसल्या ढुंगणावर सरकतो, होडी वल्हवल्यासारखा. पूर्वीची मी असते तर मंडळात त्याच्यासाठी प्रार्थनेचा विषय दिला असता.

तेव्हा तारखेची धास्ती सोडा. आणि जरा विचार करून बघा, ही धास्ती नेमकी कशाची आहे? पाऊल बघायचं हुकेल याची, की 'मी बघितलं' हे सांगायचं हुकेल याची? मला स्वतःला हा प्रश्न विचारायला दोन वर्षं लागली. उत्तर आवडलं नाही.

कारण मंडळीतल्या सेवेची एक गंमत आहे आणि ती कुणी बोलत नाही. तिथे आभार मानतात. वार्षिक अहवालात नाव येतं. घरभेटीला गेलं की म्हातारी माणसं हात हातात घेतात. घरी लंगोट बदलल्याबद्दल कोण टाळ्या वाजवणार? आमचे हे तीस वर्षं छपरं आणि हिशोब करत राहिले त्यात भक्ती होतीच, मी नाकारत नाही. पण तिथे ह्यांना 'साहेब' म्हणायचे आणि घरी मी म्हणायची, "नळ गळतोय." माणूस कुठे जाईल? आणि मी ज्याबद्दल ह्यांना धारेवर धरलं, तेच मी उलट्या बाजूने केलं. ह्यांनी घर सोडून चर्चमध्ये कौतुक मिळवलं, मी घरातलं उचलून चर्चमध्ये नेलं. हे वाक्य लिहिताना हे मागून वाचतायत आणि मुद्दाम खोकतायत.

पाळकसाहेबांना कसं सांगायचं ते मात्र सोपं आहे. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. विधवांच्या रोजच्या वाटपात हयगय होते अशी तक्रार आली, तेव्हा बारा प्रेषितांनी स्वतःला फाडून घेतलं नाही, सात माणसं निवडली. तुम्ही "माझ्याने होत नाही" म्हणत गेलात तर ते तुमच्यासाठी प्रार्थना करतील आणि काम तसंच ठेवतील. नावं घेऊन जा. संडे स्कूल अमकीला, घरभेटीतली निम्मी घरं तमकीला, पहिले दोन महिने मी सोबत येईन. मी नवातली पाच घरं दिली आणि चार ठेवली. चिटणीसपद मात्र पूर्ण सोडलं. भेटी सोडवल्या नाहीत. त्या चारांपैकी एक आजोबा आहेत, त्यांची स्वतःची नातवंडं परदेशात. ते माझ्या घड्याळावर त्यांचं घड्याळ लावतात. असल्या माणसाची भेट 'नातवासाठी' म्हणून तोडणं मला जमलं नसतं. म्हणून वर म्हटलं, की सोडू नका. सभा, समित्या, अहवाल बिनधास्त सोडा. माणसं सोडू नका.

अजून दोन गोष्टी, आधी सांगायला हव्या होत्या. एक, अठरा महिने झाले तरी मूल आधाराशिवाय चालत नसेल, किंवा येत असलेली गोष्ट करेनासं झालं, किंवा शरीराची एकच बाजू जास्त वापरत असेल, तर माझं हे सगळं बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. करेनासं झालं तर वय कितीही असो, थांबू नका. दोन, तुमच्या सुनेला किंवा मुलीला तुम्ही जास्त वेळ घरी हव्या आहात का, हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. तिला विचारलंत? मी विचारलं नव्हतं. मी गृहीत धरलं की हव्याच असणार. तिला गुरुवारची संध्याकाळ एकटीने मुलीबरोबर हवी होती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

सुनेशी आता बरं आहे. माफी मागितली तेव्हा ती "अहो आई, जाऊ द्या" म्हणाली, पण त्यानंतर वर्षभर नातीचं काहीही नवीन घडलं की ती मला विचारायची, "हे आधी कुणाला माहितीय?" अर्धी थट्टा, अर्धी नाही. मला ते चालतं.

धाकटा परवा माझ्यासमोर कपाटाला धरून उभा राहिला. एक हात सोडला. मी घड्या घालत राहिले. गुरुवारी महिला मंडळात मी मागच्या रांगेत बसते हल्ली. त्याच बाईंनी वळून विचारलं, "काय हो, धाकटा चालायला लागला का?"

म्हटलं, "त्याच्या आईला विचारा. रविवारी येईल ती."