ज्याला पश्चात्ताप नाही, त्याच्याशी समेट करणे ख्रिस्ती माणसाला बंधनकारक आहे का?

आपण विचारले आहे की, ज्याने आपल्या कुटुंबाचे मोठे नुकसान केले आणि ज्याला त्याचे काहीही वाटत नाही, अशा माणसाशी समेट करण्याची सक्ती ख्रिस्ती श्रद्धा करते का, आणि करत असेल तर ती शिकवण अन्याय करणाऱ्याच्याच पथ्यावर पडत नाही का. मी वसईच्या कॅथलिक घरात वाढले. वाडीच्या हद्दीवरून अबोला धरलेले सख्खे भाऊ एकाच मिस्साला, म्हणजे चर्चमधील सामूहिक उपासनेला, वेगवेगळ्या बाकांवर बसतात, आणि कम्युनियनआधी, म्हणजे पवित्र भाकर घेण्याआधी, एकमेकांना शांती देण्याची वेळ आली की नेमके दुसरीकडे वळून हात जोडतात, हे आमच्याकडे कोणालाही नवे नाही. म्हणून आपला प्रश्न मला अगदी जवळचा वाटतो. माझे उत्तर असे आहे : क्षमा करणे आपल्यावर बंधनकारक आहे आणि समेटाचे दार उघडे ठेवणेही, परंतु समेट प्रत्यक्ष घडणे एकट्या आपल्या हाती नाही, आणि तो न घडताच घडल्यासारखे वागणे श्रद्धेला मान्य नाही.

डोंगरावरील प्रवचनातला प्रसिद्ध उपदेश घाईने वाचला जातो. वेदीपुढे दान आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असे येशू सांगतो. इथे उठून जायचे आहे ते ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने. ज्याला दुखावले गेले त्याने नव्हे. जक्कय या जकातदाराची गोष्टही तशीच आहे. येशू त्याच्या घरी उतरला, तेव्हा आपली अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्याला लुबाडले असेल त्याला चौपट परत करण्याचे त्याने सर्वांसमोर कबूल केले. लुबाडलेल्यांनी गप्प राहावे असे तिथे कोणी सांगत नाही. शांती नसताना ‘शांती, शांती’ म्हणत लोकांची जखम वरवर बरी करणाऱ्यांना यिर्मया संदेष्ट्याने झोडपून काढले आहे, आणि आजच्या चर्चमध्येही तो अध्याय अधूनमधून मोठ्याने वाचला जावा असे मला मनापासून वाटते. कारण मारहाण करणाऱ्या नवऱ्याकडे ‘क्षमा कर आणि परत जा’ असे सांगून बाईला पाठवणारी वडीलधारी माणसे मी पाहिली आहेत. ती क्षमेची शिकवण नव्हे.

याच्या उलट, क्षमा मात्र दुसऱ्याच्या पश्चात्तापाची वाट पाहत नाही. आपण शत्रू होतो तेव्हाच देवाने आपल्याशी समेट केला, असे संत पौल रोमकरांस लिहितो, आणि करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तोच समेटाची सेवा आपल्यावर सोपवली असल्याचे सांगतो. पहिले पाऊल ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याकडूनही पडू शकते ते यामुळेच. हे प्रत्यक्षात कसे दिसते, ते सिस्टर राणी मारिया यांच्या कुटुंबाने दाखवून दिले. मूळ केरळच्या असलेल्या या कॅथलिक नन मध्य प्रदेशातील उदयनगर भागात काम करत होत्या. भूमिहीन आदिवासी त्यांच्या मदतीने संघटित होऊ लागले, बँकेचे कर्ज मिळवू लागले, तशी सावकारांची पकड सैल होत गेली. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये समंदर सिंग नावाच्या तरुणाने सर्व प्रवाशांसमोर चाकूने भोसकून त्यांचा खून केला. त्याला जन्मठेप झाली. स्वामी सदानंद नावाचे एक धर्मगुरू तुरुंगात त्याला भेटत राहिले, आणि 2002 मध्ये राणी मारियांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या मनगटावर राखी बांधली. पुढे त्यांच्या आईने, ज्या हातांनी मुलीचा जीव घेतला, त्याच हातांचे चुंबन घेतले. त्याची सुटका व्हावी म्हणून कुटुंबाने स्वतः अर्ज केला. 2006 मध्ये तो सुटला, केरळला जाऊन त्याने आईवडिलांची क्षमा मागितली, आणि 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरमध्ये राणी मारियांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले गेले, तेव्हा तोही तिथे हजर होता.

यातला क्रम पाहावा. खून आणि राखी यांच्यामध्ये सात वर्षे गेली आहेत. दोन्ही बाजूंना ओळखणारा मध्यस्थ आहे. गुन्हा कोणीही नाकारलेला नाही, उलट न्यायालयात तो शाबीत झाला आहे. आणि अखेर समेट पूर्ण झाला तो समंदर सिंगने स्वतः क्षमा मागितल्यावर.

ग्लॅडिस स्टेन्स यांचे उदाहरण वेगळे आहे, आणि आपल्या प्रश्नाला ते अधिक लागू पडते. जानेवारी 1999 मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे त्यांचे पती, ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहॅम, आणि फिलिप व तिमथी ही दोन मुले गाडीत झोपलेली असताना जाळली गेली. मारेकऱ्यांना आपण क्षमा केली आहे, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. मात्र क्षमा आणि गुन्ह्याचे परिणाम यांची गल्लत होऊ नये, अशीच त्यांची भूमिका राहिली. खटला चालला, शिक्षा झाली. राखीसारखा प्रसंग इथे घडला नाही, पण म्हणून त्यांची क्षमा उणी ठरत नाही. त्या बारीपदा येथे कुष्ठरुग्णांच्या सेवेत राहिल्या आणि 2005 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

तेव्हा आपण सूड घेण्याचा हक्क सोडावा, त्या माणसाचे नाव घेऊन प्रार्थना करावी, सुरुवातीला ओठांपुरती झाली तरी चालेल. त्याच वेळी नुकसानभरपाईचा दावा चालू ठेवण्यात, घरातल्यांना त्याच्यापासून दूर ठेवण्यात किंवा त्याच्या घरी जेवायला न जाण्यात पाप नाही. त्याने कधी निरोप पाठवलाच, तर दोघांनाही मान्य असलेल्या एखाद्या विश्वासू व्यक्तीसमोर भेटावे, आणि काय घडले ते आधी त्याच्या तोंडून ऐकावे.