पूररेषा कुणी आखली आणि कशावरून?

जून उजाडला की कोल्हापुरात दोन आकडे घराघरांत बोलले जातात. पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ फुटांवर गेलं की धोका. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. तेव्हापासून पूरनकाशांबद्दल विचारणारे खूप वाढले. या वेळी पूरनकाशाचं काम सरकारी यंत्रणेत टप्प्याटप्प्यानं कसं नोंदवलं जावं, यावरच्या प्रश्नांना उत्तरं देतोय.

प्रश्न: मी सल्लागार कंपनीत सिव्हिल इंजिनिअर आहे. अमेरिकेत पूरनकाशांच्या कामासाठी सरकारची वेगळी ऑनलाइन कार्यप्रणाली आहे, असं ऐकलं. आपल्याकडे ई-ऑफिस असताना आणखी वेगळं काही कशाला? (राजारामपुरी)

ई-ऑफिसमध्ये फाईल कुठल्या टेबलावर आहे, शेरा कुणी मारला, हे कळतं. तेही मोलाचं आहे. पण पूरनकाशाची फाईल म्हणजे नुसतं पत्र नव्हे. तिच्या पोटात नदीचे आडवे छेद, म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंत पात्राच्या मोजलेल्या उंच्या असतात, जमिनीच्या उंचीचं मॉडेल असतं, पावसाचं आणि विसर्गाचं गणित असतं. यातलं काय कशावर उभं आहे, हे ई-ऑफिसला कळत नाही.

तुम्ही ऐकलंत ती ‘फेमा’ या अमेरिकी आपत्ती व्यवस्थापन संस्थेची यंत्रणा, ‘मॅपिंग इन्फर्मेशन प्लॅटफॉर्म’, म्हणजे एमआयपी. तिथे एखाद्या नदीचा अभ्यास मंजूर झाला की त्याचे टप्पे पाडले जातात: भूपृष्ठाची उंची, प्रत्यक्ष मोजणी, जलविज्ञान (पावसातून नदीत किती पाणी येईल), जलगतिकी (ते पाणी किती उंच चढेल), पूरक्षेत्राची आखणी, पायाभूत नकाशा. प्रत्येक टप्प्याला जबाबदार माणूस, सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख आणि ठरलेला खर्च असतो. प्रत्यक्ष किती वेळ गेला, किती पैसा गेला, तेही शेजारीच दिसतं. ‘काम झालं’ असं सांगून टप्पा बंद होत नाही. डेटा ठरलेल्या साच्यात अपलोड करावा लागतो आणि तो तपासला गेला की मगच टप्पा पुरा झाला असं धरतात.

हा शेवटचा नियम मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे अहवाल जमा झाला, बिल निघालं, की काम संपलं असं धरतात. मूळ मोजणीच्या फाइली ठेकेदाराच्या लॅपटॉपवरच राहतात. पाच वर्षांनी नवा सल्लागार येतो, त्याला हातात पीडीएफ मिळते आणि तो पुन्हा शून्यापासून नदी मोजायला उतरतो. तीच नदी, तेच छेद, पैसा मात्र दोनदा. बिल मूळ डेटाशी जोडा. तेवढं केलं तरी अर्धं काम होईल, आणि त्यासाठी महागड्या सॉफ्टवेअरची गरज नाही. साध्या तक्त्यातही हे बसतं, फक्त तक्ता खात्याच्या ताब्यात हवा.

प्रश्न: माझा प्लॉट निळ्या आणि लाल रेषेच्या मधे येतोय. म्हणजे नक्की काय? (कसबा बावडा)

निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध, दोन्ही रेषांमधला नियंत्रित. तुमच्याकडे बांधकामाला वाव आहे, पण अटींवर.

मात्र ‘१०० वर्षांतून एकदा’ याचा अर्थ २०२१ ला आला म्हणजे आता २१२१ पर्यंत निवांत, असा घेऊ नका. दर वर्षी तो यायची शक्यता एक टक्का, एवढाच त्याचा अर्थ. ३० वर्षं त्या घरात राहिलात तर तेवढ्या काळात तो एकदा तरी गाठण्याची शक्यता २६ टक्क्यांच्या आसपास जाते. जोतं किती उंच घ्यायचं, ते ठरवताना हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा.

प्रश्न: लायडर, आडवे छेद, पावसाचं गणित आणि मॉडेल सगळं एकदम सुरू केलं तर वेळ वाचेल ना? आमच्या साहेबांचा तसा आग्रह आहे. (जीआयएस तंत्रज्ञ, शिरोळ)

काही गोष्टी बरोबरीनं चालतील, काही अजिबात चालणार नाहीत. लायडरचं, म्हणजे वरून लेझरनं जमिनीची उंची मोजण्याचं काम, नदीत उतरून केलेली मोजणी आणि पावसा-विसर्गाचं गणित एकाच वेळी चालू शकतं. मॉडेल मात्र तिन्हींची वाट बघतं. आखणी मॉडेलच्याही नंतर.

माझ्या हातून गेलेलं एक काम सांगतो. नदी पंचगंगा नव्हती, दुसरी होती. मोजणीच्या दोन तुकड्या दोन्ही टोकांकडून निघाल्या होत्या. एकीनं समुद्रसपाटीशी जोडलेला बेंचमार्क, म्हणजे उंची पक्की ठाऊक असलेली खूण घेतली, दुसरीनं पुलावरच्या पाणी मोजायच्या पट्टीच्या शून्यावरून उंची धरली आणि रूपांतर करताना चूक केली. दोन्ही फाइली माझ्याकडे आल्या तेव्हा आकडे मीटरमध्येच होते, म्हणून संशय आला नाही. मॉडेल चालवलं, नकाशा काढला, तिसऱ्या महिन्यात सादरीकरण ठरलं. आदल्या रात्री नदीच्या तळाचा लांबीतला छेद छापून टेबलावर पसरला, तर दोन तुकड्यांच्या सांध्यावर तळ ४० सेंटिमीटरनं वर उचललेला. पायरीसारखा. पेन्सिलीनं त्यावर गोल केला आणि सादरीकरण पुढे ढकलायला फोन केला. मॉडेल पुन्हा, नकाशा पुन्हा.

४० सेंटिमीटर म्हणजे हातभरसुद्धा नाही. पण शिरोळच्या बाजूला जमीन किती सपाट आहे, ते तुम्ही रोज बघता. जिथे हजार मीटरला एक मीटर उतार असतो, तिथे एवढ्या चुकीनं पूररेषा ४०० मीटर सरकते. त्या ४०० मीटरांत कुणाचं घर असतं, कुणाचा गोठा असतो.

मोजणीच्या टप्प्यावर ‘उंचीचा संदर्भ कुठला, बेंचमार्क कुठला, तपासलं कुणी’ हे तीन रकाने भरल्याशिवाय पुढचा टप्पा उघडलाच नसता, तर ही चूक पहिल्या आठवड्यात सापडली असती. साहेबांना हे दाखवा.

तुमच्या तालुक्यासाठी आणखी एक रकाना वाढवा: खालच्या टोकाला पाण्याची पातळी कुठली धरली. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा भरून वाहत असली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबतं. मॉडेलमध्ये कृष्णेची पातळी कमी धरली तर कागदावर पाणी झपाट्यानं ओसरतं आणि गावात मात्र ते दिवसचे दिवस हटत नाही. पूर ज्यांनी अंगावर घेतलाय ते असा नकाशा बघितल्या बघितल्या नाकारतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

प्रश्न: उपग्रहाचे फोटो असताना मोजणीची कटकट हवी कशाला? (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

रडारचे उपग्रह ढगांआडूनही पाणी टिपतात, ऐन पुरात त्यांचा मोठा आधार असतो. पण आपल्याकडे ऑगस्टमध्ये ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो. बुडख्यात कमरेएवढं पाणी असलं तरी रडारला वरचा पालाच दिसतो आणि ते शेत कोरडं ठरतं. दाटीच्या गल्ल्यांतही असाच घोळ होतो. शिवाय फोटो घडून गेलेला पूर दाखवतो, १०० वर्षांचा पूर कुठवर येईल ते त्याला ठाऊक नसतं. मॉडेल पडताळायला तो जरूर वापरा, मोजणीऐवजी नको.

प्रश्न: नकाशा चुकलाय असं वाटलं तर लोकांनी काय करायचं? हरकती दिल्या तरी त्या कुठे जातात ते कळत नाही. (दसरा चौक)

अमेरिकेत प्राथमिक नकाशा आधी लोकांसमोर ठेवतात. अपिलासाठी ९० दिवस मिळतात. अपील भावनेवर चालत नाही, तांत्रिक पुरावा लागतो. अंतिम निर्णयाचं पत्र निघाल्यावर नकाशा लागू व्हायला साधारण सहा महिने जातात, तेवढ्यात गावानं आपले नियम जुळवून घ्यायचे. एखाद्याचं घर मुळातच उंचवट्यावर असेल तर परवानाधारक सर्व्हेअरकडून उंची मोजून घेऊन ते पूरक्षेत्रातून वगळण्याचा अर्जही करता येतो.

आपण हरकत देतो तेव्हा बहुतेकदा ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढंच लिहितो. तसं न करता गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर लिहा, जोत्याची मोजलेली उंची लिहा, जवळच्या छेदावर पुराची पातळी किती धरलीय ते विचारा. आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. यंत्रणेकडून माझी मागणी एकच: प्रत्येक हरकत नकाशाच्या त्या त्या तुकड्याला जोडलेली दिसावी आणि ती मान्य किंवा अमान्य का केली ते तिच्याखालीच लिहिलेलं असावं.

प्रश्न: आमच्या गावात घराघरांवर पुराच्या खुणा आहेत. त्याचा काही उपयोग होतो का? (ग्रामपंचायत सदस्य, प्रयाग चिखली)

दादा, या खुणांइतकं मोलाचं काही नाही. मॉडेलनं सांगितलेली पातळी खरी की खोटी, ते या खुणाच ठरवतात. बंधाऱ्यावरचा आकडा एका जागेचा. तुमच्या गल्लीतलं पाणी तुमच्याच भिंतीवर लिहिलेलं असतं.

एक वही घाला. प्रत्येक खुणेसाठी घराचा नंबर, कुठल्या वर्षीचा पूर, आणि उंबऱ्यापासून खुणेपर्यंतची उंची सेंटिमीटरमध्ये. टेप भिंतीला लावून, आकडा वाचता येईल असा फोटो काढा. खूण घराच्या आतली असेल तर उत्तम, कारण बाहेर लाटांचे शिंतोडे वर उडतात आणि खूण खरी नसते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, पाणी या खुणेला कधी लागलं, पहाटे की संध्याकाळी, आणि किती वेळ तिथंच थांबलं. तेही लिहा. पुढे सर्व्हेअर आला की त्याला उंबऱ्याची पातळी तेवढी घ्यावी लागेल.

आणि हे गणपतीच्या आधी करा. एकदा भिंतींना रंग लागला की खुणा गेल्या.