'कोपी सी कोसोंग' मधला 'सी' कोणत्या भाषेचा?

प्रश्न असा आला आहे: सिंगापूरच्या कॉफीच्या दुकानांत गिऱ्हाइकं 'कोपी सी कोसोंग' असं काहीतरी मागतात. यातला 'सी' म्हणजे कपाचा आकार का? 'कोपी' हा 'कॉफी'चा अपभ्रंश समजायचा का? आणि असं तुकड्यातुकड्यांत बोलणं म्हणजे मोडकं इंग्रजीच ना?

शेवटचा मुद्दा आधी घेऊ. या तीन शब्दांत इंग्रजी जवळजवळ औषधालाही नाही. 'कोपी' मलय, 'कोसोंग'ही मलय. राहिला 'सी', आणि तो इंग्रजी आहे की नाही यावरच वाद आहे. ज्या दुकानात हे मागतात त्याचं नावसुद्धा दोन भाषांची मोट बांधून झालंय: 'कोपीतिआम'. यातला 'तिआम' होकियन या दक्षिण चिनी बोलीतला, म्हणजे दुकान.

'कोपी'ला अपभ्रंश म्हणू नये. मलयमध्ये मूळचा 'फ' नाही, त्यामुळे बाहेरून आलेल्या शब्दातल्या 'फ'चा 'प' झाला. तमिळमध्येही याच कारणाने 'काप्पी' झालं. दुसरं म्हणजे अर्थही वेगळा आहे. कोपी म्हणजे कुठलीही कॉफी नव्हे. रोबस्टा जातीच्या कॉफीच्या बिया साखर आणि मार्गारिन (किंवा लोणी) घालून भाजतात. साखर करपेपर्यंत भाजल्यामुळे बी काळीकुट्ट होते. तिची पूड लांब मोज्यासारख्या कापडी गाळणीत घालून कडक अर्क काढतात आणि कपात गरम पाणी घालून तो बेताचा करतात. टपरीवरचं चहाचं फडकं डोळ्यांपुढे आणा, फक्त जास्त खोल. हा कडूपणा झाकायला मुळात कंडेन्स्ड मिल्क लागतं, म्हणून नुसतं 'कोपी' म्हटलं की ते गृहीतच असतं.

आता 'सी'. हा आकार नाही, दुधाचा प्रकार आहे. 'कोपी सी' म्हणजे कंडेन्स्ड मिल्कऐवजी आटवलेलं, बिनसाखरेचं डबाबंद दूध, आणि साखर वेगळी घातलेली. व्युत्पत्ती दोन सांगतात. एक, कार्नेशन या डबाबंद दुधाच्या नावाचं पहिलं अक्षर. दोन, हायनानी बोलीतला 'ताजं' या अर्थाचा शब्द. कोपीतिआमच्या धंद्यात हायनान बेटावरून आलेल्यांचा मोठा वाटा होता, तेव्हा दुसरी अशक्य नाही. मला पहिली जास्त पटते, कारण डब्यातल्या दुधाला 'ताजं' कोण म्हणेल?

'सी'च्या जागी 'ओ' आला तर दूध नाही. हा 'ओ' मात्र नक्की अक्षर नव्हे. होकियनमध्ये 'ओ' म्हणजे काळा. आणि इथेच नवखा माणूस फसतो. 'दूध नको' म्हणून 'कोपी ओ' मागितली तर काळी येते, पण गोड. साखर नको असेल तर 'कोसोंग' म्हणावंच लागतं. त्याचा मूळ अर्थ रिकामा, शून्य. फोन नंबरमधल्या शून्यालाही कोसोंग म्हणतात आणि ज्या पराठ्यात काही भरलेलं नाही तो 'प्राता कोसोंग'. पण नुसतं 'कोपी कोसोंग' म्हणू नका. कंडेन्स्ड मिल्क मुळातच गोड, मग 'शून्य' नेमकं कशाचं, हा घोळ दुकानदाराच्या डोक्यात होतो. 'ओ कोसोंग' किंवा 'सी कोसोंग' असं स्पष्ट सांगावं.

साखर कमी हवी तर 'सिउ दाय', जास्त हवी तर 'गा दाय'. कँटोनीज या दुसऱ्या चिनी बोलीत 'दाय' म्हणजे तळ. कपाच्या तळाशी आधी गोडवा घालतात, तो कमी किंवा जास्त, असं स्पष्टीकरण सहसा देतात. 'गाउ' म्हणजे दाट, आपल्या 'कडक'चा भाऊ. इराण्याकडच्या 'पानी कम'ची आठवण येते. उलट 'पो' म्हणजे पातळ. बर्फ घालून हवी तर 'पेंग'.

क्रमाचा नियम सोपा. पेय आधी, त्याला चिकटून 'ओ' किंवा 'सी', आणि 'पेंग' शेवटी. मधल्या 'गाउ', 'सिउ दाय' यांची अदलाबदल चालते. 'कोपी ओ गाउ सिउ दाय पेंग': काळी, कडक, कमी साखर, बर्फ. मोडक्या भाषेत एवढी शिस्त नसते. बांधून न्यायचं असेल तर शेवटी 'तापाउ', तोही चिनी, अर्थ 'बांधून देणं'. आपण हॉटेलात 'पार्सल' म्हणतो तेच.

माइलो या चॉकलेटी माल्टच्या पेयाला 'तकिउ' म्हणतात, म्हणजे चेंडूला लाथ मारणं, कारण डब्यावर फुटबॉलपटूचं चित्र असे.

१९७९ पासून सिंगापूर सरकारने 'मँडरिन (म्हणजे प्रमाण चिनी) बोला' मोहीम चालवली. होकियन, कँटोनीज या बोली रेडिओ-टीव्हीवरून मागे सरल्या. पण 'गाउ', 'पेंग' टिकले, आणि तमिळ किंवा मलय दुकानदारालाही ते समजतात. सिंगापूरच्या अधिकृत भाषा चार: मलय, मँडरिन, तमिळ, इंग्रजी. होकियन त्यांत नाही, पण सकाळचा पहिला कप तिच्याशिवाय मिळत नाही.

मराठी कानाला ओळखीचा एक शब्द याच दुकानांत आहे. मलयमध्ये साखरेला 'गुला' म्हणतात, तो संस्कृत 'गुड'वरून आलेला. आपला गूळ त्याच घरचा. दुधाला मात्र 'सुसू' म्हणतात. हे घरी लहान मुलांसमोर सांगताना जपून.

चहाचंही व्याकरण तेच, फक्त 'कोपी'च्या जागी 'तेह'. आल्याचा चहा हवा तर 'तेह हालिया' मागा, पण त्यात कंडेन्स्ड मिल्क येतं. काळा आणि बिनसाखरेचा हवा तर 'तेह ओ हालिया कोसोंग'.